शनिवारी दोन तास या, आमच्या मुलांना अडचणीत टाका

सप्रेम नमस्कार.

वागळे इस्टेटच्या किसननगरमधली आमची अभ्यासिका परिसरातल्या बहुतेकांना माहीत आहे. एमपीएससीची, बँकांच्या परीक्षांची मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. हल्ली मात्र खिडकीजवळच्या टेबलावर जरा आवाज असतो. बी.कॉम., बीएमएस आणि डिप्लोमाची काही मुलं-मुली तिथे केस कॉम्पिटिशनची तयारी करतात. त्यांच्यासाठी हे आवाहन.

या स्पर्धांत एखाद्या कंपनीचा पेच पंधरा-वीस पानांत लिहून दिलेला असतो, त्यालाच केस म्हणतात. सोबत ताळेबंद, विक्रीचे तक्ते, थोडी कामाची आणि बरीच बिनकामाची माहिती. तीन-चार जणांच्या संघाने खरी अडचण कोणती ते हुडकायचं, कंपनीने काय करावं आणि काय मुळीच करू नये ते ठरवायचं आणि परीक्षकांसमोर दहा-पंधरा मिनिटांत मांडायचं. तयारीला कुठे अख्खा दिवस मिळतो, कुठे बंद खोलीत जेमतेम तीन तास. मग प्रश्नोत्तरं. हार-जीत बहुतेक वेळा तिथेच ठरते.

केसवरून शिकवण्याची पद्धत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये १९२० च्या दशकात रुजली. आपल्याकडे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती उचलली. मॉन्ट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात तर १९८१ पासून एमबीएच्या संघांची स्पर्धा भरते आणि ती आता आंतरराष्ट्रीय आहे. भारतातल्या मोठ्या कंपन्याही अशा स्पर्धा घेतात आणि त्यातून इंटर्नशिप, कधी नोकरीची मुलाखतही मिळते. यातल्या बऱ्याच स्पर्धा निवडक नावाजलेल्या संस्थांपुरत्याच असतात, हे आम्हाला खटकतं. पण ज्या सर्वांना खुल्या आहेत, त्यांत तरी आपली मुलं पहिल्या फेरीत गळू नयेत.

सरावासाठी आम्हीच एक केस लिहिली होती. लेथवर सुटे भाग करणारा छोटा कारखाना. बहुतेक माल एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला जातो, पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात आणि तेच गिऱ्हाईक म्हणतंय, नवं मशीन घ्या, दुप्पट माल द्या. मालकाने कर्ज काढावं का? पहिल्या संघाने देखण्या स्लाइड करून ‘काढावं’ असं सांगितलं. तक्त्यात नफा दिसतच होता. दुसऱ्या संघातली एक मुलगी संध्याकाळी जांभळी नाक्यावरच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते. ती म्हणाली, विक्री दुप्पट झाली की उधारीही दुप्पट होणार, मग पगार कशातून करायचे? तिने महिनावार रोकड मांडून दाखवली. कागदावर नफा असूनही चौथ्या महिन्यात गल्ला रिकामा! तिच्या जोडीदाराने लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यातली ४५ दिवसांत पैसे चुकते करण्याची मर्यादा पुढे केली. त्यावर समितीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं, “कायदा दाखवलास आणि गिऱ्हाईकच तुटलं तर?” इथे मात्र सगळेच अडले.

धंद्याची जाण या मुलांना आहे. उधारी, वसुली, भिशी हे सगळं त्यांनी घरात पाहिलेलं आहे. उणीव आहे ती उलटतपासणी घेणाऱ्यांची. आम्ही समितीतले चौघे-पाचजण त्यांना आता पाठ झालो आहोत. कोण काय विचारणार हे ओळखून ती उत्तरं तयार ठेवतात!

म्हणून पहिली मागणी वेळेची. सीए, बँकेतले निवृत्त कर्मचारी, खरेदी विभागात काम केलेले, विक्रीत आयुष्य घातलेले, वागळे इस्टेटमध्ये किंवा कळव्याला स्वतःचा कारखाना चालवणारे अशा कुणीही यावं. भाषण नको. दोन संघ ऐकायचे आणि खोदून खोदून विचारायचं. पहिली फेरी आम्ही मराठीत घेतो, म्हणजे विचार पक्का होतो, आणि दुसरी इंग्रजीत, कारण स्पर्धा बहुधा इंग्रजीतच असते. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला जरा थांबून ऐकून घ्यावं, एवढीच विनंती.

नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोडवरच्या दुकानदारांनीही मदत करावी. तुमच्या धंद्यातला एखादा खरा पेच सांगा. नाव आणि आकडे बदलूनच आम्ही त्याची केस करू.

आता पैशांचं. अंतिम फेरी बाहेरगावी असली की प्रवासखर्च आयोजक पुष्कळदा देतात, पण नंतर, बिलं दाखवल्यावर. तिकिटाचे पैसे आधी उभे करायचे कुठून, इथेच काहीजण माघार घेतात. यासाठी चाळीस हजारांचा फिरता निधी उभारायचा आहे. परतावा आला की रक्कम पुन्हा निधीत जमा होईल आणि पुढच्या संघाला मिळेल. याशिवाय दोन चालू स्थितीतले लॅपटॉप हवेत, जुने चालतील. परीक्षकांसमोर घालायला ब्लेझरही हवेत, पण ते विकत घेऊन देऊ नका. लग्नानंतर कपाटात पडलेले असतील ते धुऊन द्या, मापाचं आम्ही बघतो.

देणगीची पावती लगेच मिळेल. आयकरात ८०जी ची सवलत मात्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. निधीचा जमाखर्च दर महिन्याला अभ्यासिकेच्या फलकावर लावू.

सरावफेरी दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. परीक्षक म्हणून यायचं असेल तर गुरुवारपर्यंत अभ्यासिकेत नाव नोंदवा, म्हणजे केसची प्रत आधी वाचायला देता येईल.

आपली,
अभ्यासिका समिती, किसननगर, ठाणे