साल्झबुर्गच्या बसवाल्या दादांना

ड्रायव्हरदादा,

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या 25 नंबरच्या बसवर तुम्ही होतात. भर पावसात हेलब्रूनला उतरलेली व्हीलचेअरवरची आजी आठवत असेल, तर मी तिचा मुलगा. त्या गडबडीत तुम्हाला तुमच्या जर्मनमधलं नुसतं ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणून झालं. बाकीचं इथे लिहितो.

आई शाळेत संगीत शिकवायची. 1965 चा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ तिने दर वर्षीच्या पोरींना दाखवला असेल. सिनेमातली मुलं सूर शिकत उड्या मारतात, त्या मिराबेल बागेतल्या पायऱ्यांवर तिने आदल्या दिवशी नातींना उड्या मारायला लावल्या आणि खुर्चीतून स्वतः ताल धरला. राहिला होता तो सिनेमातला काचेचा मंडप. 1991 पासून तो हेलब्रूनच्या बागेत आहे. आमच्या टूरच्या कार्यक्रमातही होता. पण सकाळी टूर मॅनेजरने खुर्चीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “आजींना हॉटेलवर आराम करू दे, तिथे बघण्यासारखं काही नाही.” ‘ज्येष्ठांची खास काळजी’ असं ठळक छापून पैसे घेताना ही खुर्ची त्यांना दिसली नव्हती वाटतं! असो, नाव घेत नाही.

म्हणून आम्ही आपले साध्या बसने निघालो. तुम्ही खाली उतरून रॅम्प उघडलात, ते तुमचं रोजचंच काम असेल. पण उतरताना आईच्या इरकलीचा काठ पुढच्या छोट्या चाकात गेला. मी ओढायला लागलो, तसा तुम्ही माझा हात धरलात. ओल्या फुटपाथवर गुडघा टेकलात आणि चाक उलटं फिरवत बोट-बोट काठ सोडवलात. एक धागा तुटला नाही. वर तो काठ झटकून, दुमडून आईच्या मांडीखाली नीट खोचलात, जन्मभर घरात नऊवार-सहावार बघितल्यासारखा! आई कानकोंडी झाली. “अहो, पायाशी कशाला बसता!” म्हणाली आणि मग तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही मान खाली करून तो फिरवू दिलात. मागे बस खच्चून भरलेली होती; एकानेही ‘च्च’ केलं नाही.

मंडपाला कुलूप असतं, बाहेरूनच बघायचा. शिवाय सिनेमातली मंडपाच्या आतली दृश्यं हॉलिवूडच्या स्टुडिओत घेतलेली. हे आईला सांगितलं तर म्हणाली, “बरं मग?” आणि काचेला नाक लावून अख्खं गाणं म्हणाली.

तुमच्याकडे हा सिनेमा फारसा कुणी पाहत नाही म्हणे. तुम्हीही पाहिला नसाल. ही म्हातारी पावसात तिकडे कशाला निघालीय, हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि तुम्ही विचारलंही नाहीत. आपल्याकडे आधी ‘या वयात कशाला?’ होतं, मग जमलं तर मदत. तुम्ही मधलं सगळं गाळून टाकलंत. अशी माणसं आपल्याकडेही आहेत, मी भेटलोय त्यांना. फक्त ती सहलीच्या जाहिरातीत नसतात.

टूरवाल्यांचा अभिप्रायाचा फॉर्म आलाय, तो तसाच पडून आहे. हे पत्र मात्र आईने दोनदा वाचून घेतलं. तिचा एक निरोप राहिलाय: तुमच्या पँटच्या गुडघ्याला चिखल लागला होता, तो निघाला का, विचारतेय.

तुमचा,
आजींचा मुलगा