अँप्लिफायर विकू नकोस

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार पानं भरून लिहिलंस, पण गाण्याबद्दल एक ओळ नाही! कोण येऊन ऐकून गेलं, कोण काय म्हणालं, कुणी नाक मुरडलं, याचाच सगळा हिशेब. शेवटी तो जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर विकायला काढतोयस हे वाचलं आणि राहवेना, म्हणून हे लांबण.

'यात डिस्टॉर्शन फार आहे,' म्हणजे मूळ आवाजात भेसळ फार होते, असं तुझा तो जाणकार पाहुणा म्हणाला. आहेच की! ट्रायोड जातीचा एकच व्हॉल्व्ह, आठेक वॅटची ताकद, आणि चूक आपोआप सुधारणारा फीडबॅकही नाही. मोजायला बसलास तर साधा ट्रान्झिस्टरवाला अँप्लिफायरही आकड्यांत त्याच्या पुढे जाईल. पण यात पदरची भर पडते ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांची. षड्ज वाजला की त्यात बारीकसा तार षड्ज मिसळतो. तोच स्वर, वरच्या सप्तकातला. कानाला ते खुपत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. तेव्हा पाहुणाही बरोबर आणि तुला तो आवाज आवडतो तेही बरोबर. त्याने मोजमापाची गोष्ट सांगितली, तू ती मनाला लावून घेतलीस.

दुसरी तक्रार डग्गा घुमतो अशी. पाहुणा बसला कुठे होता? तूच लिहिलंयस, मागच्या भिंतीला टेकून. तुझी खोली चारेक मीटर लांब. एवढ्या लांबीत सुमारे ४३ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४३ कंपनांचा, खोल सूर दोन भिंतींमध्ये अडकतो. भिंतीपाशी तो फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. पाहुण्याला खुर्ची हातभर पुढे घ्यायला सांगितली असतीस, तर अभिप्राय बदलला असता. अँप्लिफायरला लगेच दोष कशाला द्यायचा?

आणि पाहुण्याच्या घरचा आवाज 'खुललेला' वाटला म्हणतोस, तर आधी एवढं सांग, दोन्हीकडे आवाज सारखा मोठा होता का? आवाज हळू असला की खालचे सूर कानाला जास्तच क्षीण ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलंय. फरक एखाद्या डेसिबलचा असला, तर 'हा मोठा आहे' असं कुणी म्हणत नाही. 'हा जास्त चांगला आहे' असंच म्हणतात.

त्यात डोळे मधे येतात ते वेगळंच. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसायला लागल्यावर गुण बदललेच, शिवाय स्पीकरची जागा बदलल्यामुळे आवाजात पडणारा खरा फरकही लोकांना कमी जाणवू लागला. हे सरावलेल्यांनाही चुकत नाही. मग संध्याकाळी तासभर बसून, लखलखते व्हॉल्व्ह बघत आणि तुझ्या चेहऱ्यावरची आशा वाचत दिलेलं मत कितीसं मोलाचं?

पण 'मला कुणाची पर्वा नाही' म्हणत मिरवणाऱ्यांतला मी नाही. त्या मंडळींनाच प्रेक्षक सर्वांत जास्त लागतात. शिवाय आवड ज्याची त्याची, हेही पुरतं खरं नाही. पडद्याआड ऐकवलं की स्पीकरच्या बाबतीत बहुतेकांची पसंती बरीचशी जुळते. सगळे सूर समतोल देणारा स्पीकरच लोकांना आवडतो. म्हणून दुसऱ्याचे कान जरूर वापर, फक्त 'कसं वाटलं?' असं विचारू नकोस. त्यावर माणूस एक तर भिडेखातर वाहवा करतो, नाही तर आपलं ज्ञान पाजळतो. गायक मधोमध ऐकू येतो की डावीकडे सरकतो, 'स' टोचतो का, असं नेमकं विचार. टिपेच्या बारकाव्यांवर मात्र आपल्या वयाच्यांशी वाद घालू नकोस. पंधरा हजार हर्ट्झच्या वरचं आपल्यातल्या बहुतेकांना ऐकूच येत नाही!

संमती हवीच असेल तर ती वहिनींची घे. त्या खोलीत त्याही राहतात, आणि ती स्पीकरची दोन कपाटांएवढी खोकी रोज त्यांच्या वाटेत येतात. त्यांना ना मेक माहीत, ना किंमत. त्या 'आज बरं लागतंय' म्हणाल्या, तर ते मी पाहुण्याच्या मतापेक्षा जास्त मानीन.

एक विचारतो, रागावू नकोस. अँप्लिफायर आणल्यावर पहिले काही दिवस तू रात्री उशिरापर्यंत ऐकत बसायचास, जुन्या मैफली पुन्हा काढायचास, तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या लागतात म्हणून मला फोन करायचास. ते सगळं तेव्हा कुणाला विचारून आवडलं होतं?

पुढच्या महिन्यात येतोय. विकायचं तोवर थांबव. दुसरा अँप्लिफायर कुणाकडून तरी मागून आण, आवाज मीटरने सारखा करू, समोर चादर टांगू आणि जोडण्या वहिनींना बदलायला सांगू. आपण दोघांनी फक्त ऐकायचं. तुला फरक कळला आणि दुसरा जास्त आवडला, तर हा खुशाल वीक. माझं मत मात्र मागू नकोस, मी देणार नाही. हां, डाव्या स्पीकरबद्दल बोलेन. फोटोत तो कोपऱ्यात पार भिंतीला चिकटलाय. मी येण्याची वाट न बघता आजच पुढे ओढ.

तुझा,
सुधीर