तराफ्यावरचा खलाशी राहून गेला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युद्धकाळातल्या व्यंगचित्रांवरचा लेख दोनदा वाचला. डेव्हिड लो यांचं जून १९४० मधलं चित्र छापलंत, फार बरं केलंत. फ्रान्स पडलेला, समुद्र खवळलेला, खडकावर एकटा ब्रिटिश शिपाई आणि चालून येणाऱ्या विमानांवर त्यानं उगारलेली मूठ. बाकीच्या चित्रांत मात्र युद्धनौका आणि विमानांचे थवेच दिसले. आरमार वाढलं, हवाईदल वाढलं, हे कळतं. त्यातली माणसं शोधावी लागतात.

फिलिप झेक यांचं चित्र लेखात हवंच होतं. ६ मार्च १९४२ च्या ‘डेली मिरर’ या ब्रिटिश पेपरमध्ये ते आलं. काळोखा समुद्र, बुडालेल्या जहाजाचा एक खलाशी तराफ्याला चिकटून पडलेला आणि खाली बातमी, पेट्रोल एका पेनीनं महागल्याची. पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसं जिवाशी खेळतात, असं झेक यांना म्हणायचं होतं. चर्चिल सरकारला त्यात नफेखोरीचा आरोप दिसला. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पेपर बंद करण्याची तंबी दिली. चित्रात ना तोफ, ना जहाज. एका तराफ्यानं सरकार हादरलं!

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. युद्धाचं चित्र काढा म्हटलं की मुलं विमान, बोट आणि भरपूर धूर काढायची. माणूस काढा, हे मुद्दाम सांगावं लागायचं.

माझा थोरला भाऊ नौदलात होता. ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. भावाचं जहाज वेगळं, हे घरात ठाऊक होतं. पण मधेच बदली झाली असली तर? त्याचं पत्र येईपर्यंत आई पोस्टमनच्या वेळेला उंबऱ्यावर बसायची, मांडीवरच्या सुपात तांदूळ न निवडता तसेच.

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला त्याच युद्धातल्या कराचीवरच्या हल्ल्याची चित्रं छापली जातात, छापावीतच. यंदा सोबत ‘खुकरी’च्या माणसांवर एक चित्र आपल्या व्यंगचित्रकारांकडून काढून घ्यावं, ही विनंती. सैनिक टाकळीसारख्या फौजींच्या गावापर्यंत घरोघरी आपला पेपर जातो. चित्र आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, पहिल्या पानावर यावं.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर