माथेरानचा घाट उतरताना तापणारे ब्रेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेरळ-माथेरान घाटात दुचाकीला अपघात झाला की बातमीत ‘ब्रेक फेल’ एवढंच येतं आणि विषय संपतो. नेरळमध्ये माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. घाट उतरून बिघडलेल्या गाड्या मी वर्षानुवर्षं उघडतो आहे. बहुतेकींची केबल तुटलेली नसते की ऑइल गळत नसतं. ब्रेक तापून निकामी झालेले असतात आणि गार झाले की पुन्हा लागायला लागतात. त्यामुळे नंतर तपासणाऱ्याला काही सापडत नाही आणि गाडीवाल्यालाही पटत नाही.

गेल्या मे महिन्यात एक तरुण जोडपं स्कूटर ढकलत आलं. गाडी जेमतेम वर्षभराची. मागचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकत होता. ड्रमजवळ हात नेववत नव्हता, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं ब्रेकचं अस्तर) करपल्याचा उग्र वास सुटला होता. मी गाडी शेडमध्ये उभी केली, दोघांना पाणी दिलं. तासाभरानं लिव्हर जागेवर आला. मुलगा म्हणाला, “काका, झाला की ठीक, निघतो आम्ही.” चाक उघडून दाखवलं तेव्हा कुठे तो थांबला. लायनर काळे पडून चकचकीत झाले होते, नखानं ओरखडासुद्धा उठत नव्हता. असा लायनर सपाट रस्त्यावर वेळ निभावून नेतो; पुढच्या घाटात मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही.

दस्तुरी, म्हणजे माथेरानचा वाहनतळ, ते नेरळ उतार सुमारे सातशे मीटरचा, रस्ता मात्र सात-आठ किलोमीटरचाच. आपल्या टॉय ट्रेननं हाच डोंगर चढायला सुमारे 21 किलोमीटरची वळणं घेतली आहेत. 1907 साली सुरू झालेली ती गाडी बांधणाऱ्यांनी चढ वीसास एकपेक्षा (वीस मीटर अंतराला एक मीटर उंची) जास्त होऊ दिला नाही. रस्त्याचा उतार सरासरी दहास एक पडतो, काही वळणांवर त्याहून तीव्र. दोन माणसं आणि स्कूटर मिळून अडीचशे किलो वजन ब्रेकच्या जोरावर खाली आणलं, तर पाच लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. ती सगळी दोन छोट्या चाकांतल्या ड्रमनी किंवा डिस्कनी सोसायची. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. डिस्क ब्रेकमध्ये ऑइलच उकळतं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण ते हवेतली ओल शोषत जातं आणि मग दीडशेच्या आसपासच उकळू शकतं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर पोकळ लागतो. कोकणात दोन पावसाळे काढलेलं ब्रेक ऑइल बदलायलाच हवं.

एप्रिल 2019 पासून नव्या दुचाकींना सीबीएस (एक लिव्हर दाबला की दोन्ही ब्रेक लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यानं चाक लॉक होण्याचा धोका कमी होतो, तापलेल्या ब्रेकवर तो उपाय नव्हे.

गिअरवाल्या गाडीला सोपं आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. आमचे टॅक्सीवाले हेच करतात. खरी अडचण बिनगिअरच्या स्कूटरची, आणि येणाऱ्यांत त्याच जास्त. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून अगदी हळू उतरलं की तिचा क्लच सुटतो, इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे घाबरून, ब्रेक सतत धरून उतरणाराच जास्त संकटात सापडतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे तर रोज दिसतात. त्यांना इंजिनची कसलीच मदत मिळत नाही. इंजिन चालू ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग पाडा, मग पूर्ण सोडा. वास आला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा आत गेला की कडेला थांबा आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. पाठीवर तिसरा बसवून हा घाट उतरणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. माथेरानात वाहनांना बंदी असल्यानं पर्यटकांच्या गाड्या दस्तुरीलाच उभ्या राहतात. त्यामुळे घाट उतरणारी जवळपास प्रत्येक दुचाकी एकाच जागेवरून निघते. अशी सोय दुसऱ्या घाटांत क्वचितच मिळेल. तिथून निघण्याच्या तोंडाशी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठा फलक लावावा. ‘सावकाश चला’ आणि ‘घरी कुणी वाट पाहत आहे’ हे फलक पुष्कळ झाले, आता ब्रेक कसा वापरायचा ते लिहा. वॉटर पाइप आणि जुम्मापट्टी या टॉय ट्रेनच्या स्थानकांच्या परिसरात रस्ता रुंद असेल तिथे दुचाकींना ब्रेक गार करायला थांबण्याची जागा आखावी. सुटीच्या दिवशी दुपारनंतर दस्तुरीला एक माणूस उभा करून स्कूटरवाल्यांना दोन मिनिटं समजावलं तरी पुष्कळ होईल. नेरळच्या आम्हा मेकॅनिकांपैकी कुणीतरी आळीपाळीनं हे काम विनामोबदला करेल. मी स्वतः पहिल्या रविवारपासून यायला तयार आहे. संबंधितांनी फक्त परवानगी द्यावी.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, नेरळ (ता. कर्जत, जि. रायगड)