आभार मानायचे राहून गेले होते

परवा प्राचार्यपदाचा कार्यभार सोपवून निघाले. रिक्षा दगडूशेठ गणपतीपाशी थांबली. समोर भिडेवाड्याची जागा. १८४८ साली सावित्रीबाईंनी तिथे मुलींना शिकवायला सुरुवात केली. मनातल्या मनात हात जोडले, आणि ज्यांची नावं कुठल्याच अहवालात आली नाहीत ती माणसं आठवली.

पाळणाघरातल्या मावशी, तुम्ही सगळ्यांत आधी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती दुसऱ्या दिवशी येणार होती, मला कॉलेजातच साडेनऊ वाजले. धावत पोचले तर लेक तुमच्या मांडीवर, कपाळावर ओली घडी. "ताप उतरलाय मॅडम. झोपू द्या थोडं," म्हणालात. स्वतःच्या घरचा स्वयंपाक खोळंबला होता, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या प्रबंधाचं पान न् पान हिरव्या शाईने तपासणाऱ्या बाई, पुढे माझ्या विद्यार्थिनींचे प्रबंध मी त्याच शाईने तपासले. ग्रंथालयातले काका, माझ्यासाठी बाजूला काढलेली पुस्तकं विसरले नाही. सासूबाई, पहाटेचे डबे!

आणि माझ्या संशोधक मुलींनो, तान्ही बाळं घेऊन चर्चेला यायचात, तेव्हा माझी खोली भरून जायची. मनापासून आभार.