जुनं कटर मशीन नवख्याच्या गळ्यात मारताना ब्रेक तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वळीव सुरू झाला की आमच्या उद्यमनगरात झाडं कापायच्या कटर मशीनची, म्हणजे चेनसॉची, गर्दी वाढते. ऊस गेलेला असतो, बांधावरची निलगिरी-सुबाभूळ काढायची असते, कुणाच्या गोठ्यावर फांदी पडलेली असते, माणूस लावायचा तर हजेरी परवडत नाही, मग घरातलं पोरगं मोबाईलवर बघतं की जुनं मशीन पाच-सहा हजारात मिळतंय आणि नवीन चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर त्याच्या कितीतरी पट, झालं, संध्याकाळी मशीन घरात. जुनं घेण्याला माझा विरोध नाही, माझं पोटच जुन्या मशीनवर चालतं. राग आहे तो विकणाऱ्यांचा. समोरचा नवखा आहे हे त्याच्या मशीन धरण्यावरनंच कळतं, तरी एक शब्द न सांगता पैसे मोजून घेतात.

परवा पन्हाळ्याकडचं एक पोरगं वडलांना घेऊन आलं. तक्रार काय तर मशीन बंद पडलं, दोरी ओढत नाही. सायलेन्सर खोलून बॅटरी मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, सगळं सीझ, म्हणजे घासून जाम. पेट्रोलमध्ये ऑईल किती घातलं विचारलं तर पोरगं माझ्याच तोंडाकडं बघाय लागलं. वडील म्हणाले, "अरे हे टू-स्ट्रोक हाय व्हय? आम्ही लुनाला घालत होतो की!" म्हणजे घरात माहिती होती, फक्त विकणाऱ्यानं "पेट्रोल टाका आणि ओढा" एवढंच सांगितलेलं. लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑईल, काही मशीनना 40, कंपनी सांगेल तसं, हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो हो?

पण खरी गोष्ट पुढं आहे. बाजूचं कव्हर काढलं तर ब्रेकचा पट्टाच नाही. क्लचच्या ड्रमभोवती लोखंडी पट्टा असतो, पुढच्या हँडलसमोरचा ब्रेकचा गार्ड ढकलला की पट्टा आवळतो आणि चेन जागेवर थांबते. ह्या मशीनमधला पट्टा तुटला असणार आणि कुणीतरी नवा न घालता नुसता काढून टाकला, पण गार्ड ढकलला की कट्ट आवाज येतोच, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं ब्रेक ओके. खालचा चेन कॅचर पण गायब, म्हणजे चेन तुटली तर अडवायला काही नाही. आणि चेनच्या दातापुढचे छोटे टप्पे असतात ना, दातानं लाकूड किती खायचं ते ठरवणारे, ते ग्राइंडरनं घासून सपाट केलेले, का तर गिऱ्हाइकाला दाखवताना मशीन जोरात कापतंय असं वाटावं. असं मशीन उसळी पण जास्त मारतं. सीझ झालं म्हणून वाचलास असं मी त्या पोराला बोललो, त्याला काय आवडलं नाही.

उसळी म्हणजे काय ते ज्यांनी मशीन धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला किंवा पलीकडच्या फांदीला लागला की चेन तिथं अडकते आणि अख्खी पट्टी उलटून चालवणाऱ्याच्या मानेकडं-खांद्याकडं येते. फुल रेसवर चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळत असते, ताशी 70 किलोमीटर धरा. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं सगळं, तिथं माणूस काय करणार, मनगट ब्रेकच्या गार्डवर आदळून किंवा झटक्यानं आपोआप ब्रेक लागला तरच वाचला. त्यातनं आपली माणसं शिडीवर चढून, एका हातात मशीन, पायात स्लीपर.

काहीजण म्हणतात घेणाऱ्यानं बघून घ्यावं. अहो पण त्याला काय बघायचं तेच माहीत नाही ना. जुनी मोटरसायकल विकताना ब्रेक लागत नसेल तर आपण सांगतो की नाही? मशीन गिऱ्हाइकासमोर चालू करा, रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबते का दाखवा, कारण क्लचची स्प्रिंग गेली असेल तर ती आयडलवर पण फिरत राहते. थोडी रेस देऊन ब्रेक मारून दाखवा. पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, ऑईलची रेघ उमटली म्हणजे चेनला ऑईल पोचतंय (गॅरेजचं जळकं ऑईल घालायला सांगू नका, पंप चोक होतो). दहा मिनिटांचं काम आहे. ज्या मशीनचा ब्रेक नाही ते पार्टसाठी विका, चालू म्हणून विकू नका, आणि लक्ष्मीपुरीपासनं उद्यमनगरापर्यंत जे जे हा धंदा करतात त्यांनी एवढं आपापसात ठरवलं तरी पुष्कळ झालं.

आंबा, फणस, जांभूळ स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते, 1964 चा कायदा आहे, तो असावाच. पण तोडणाऱ्या हाताला मशीन धरता येतं का हे विचारणारं कोणी नाही. आयटीआयनं किंवा कृषी खात्यानं उन्हाळ्यात दोन-दोन तासांचे वर्ग घेतले तर शिकवायला मी फुकट येतो. भीमा कृषी प्रदर्शनात एवढे स्टॉल लागतात, तिथं एखादा ओंडका ठेवून नीट कसं कापायचं ते दाखवता येईल.

आणि हल्ली ऑनलाईन हँड ग्राइंडरला बसवायची चेनची पट्टी मिळते, स्वस्तात, तिला ब्रेक नाही, काही नाही. ती घेऊन माझ्याकडं दुरुस्तीला येऊ नका, मी हात लावणार नाही.

आपला,
एक मेकॅनिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर