गोवा ट्रान्सच्या टेप जतन करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षअखेरीच्या संगीत महोत्सवांच्या बातम्या देताना आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रे तेथे वाजणाऱ्या वाटेल त्या इलेक्ट्रॉनिक गाण्याला गोवा ट्रान्सचा, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांत गोव्याच्या किनाऱ्यांवर घडलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, वारसा बहाल करून टाकतात. २००७ साली कांदोळी येथे सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव सुरू झाल्यापासून ही सवय वाढतच गेली. असे महोत्सव भरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या मंचावरील संगीताचे हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरील संगीताशी असलेले नाते फार दूरचे आहे, आणि ज्याच्या नावावर हा बाजार चालतो ते मूळ संगीत मात्र नष्ट होण्याच्या वाटेवर आहे.

ऐंशीच्या दशकात लॉरां, गोवा गिल आदी डीजे युरोपीय रेकॉर्डमधील गायन वगळून, केवळ वाद्यांचे भाग कॅसेटवर जोडून रात्रभर वाजवत असत. गोव्याच्या उष्ण हवेत आणि धुळीत विनाइलच्या तबकड्यांचा निभाव लागेना, म्हणून पुढे डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे ‘डॅट’, रूढ झाल्या. या यंत्रांवर दोन रचनांची लय सहजी जुळवता येत नसे. त्यामुळे एक रचना ठेक्याविना विरत जायची आणि दुसरी तशीच, ठेक्याविना, हळूहळू आकार घ्यायची. आठ-नऊ मिनिटांच्या त्या रचनांत टीबी-३०३ या सिंथेसायझर यंत्राचा वळवळणारा स्वर थोडाथोडा बदलत राही आणि ऐकणाऱ्याला त्याच्यासोबत थांबावे लागे. (बेस गिटारला पर्याय म्हणून काढलेले हे जपानी यंत्र त्या कामात सपशेल फसले होते, ही गंमत वेगळीच.) गिल यांची सलग चोवीस तासांची सत्रे याच संयमावर उभी होती. चटया अंथरून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या स्थानिक बायकाही त्या रात्रींचा तितकाच भाग होत्या.

डिसेंबर १९९४ मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्ड यांनी बीबीसी रेडिओ वनवर ‘गोवा मिक्स’ सादर केले, तेव्हा हा सूर घराघरांत गेला. ते सादरीकरण प्रामाणिक होते, मला आजही आवडते. मात्र नंतरच्या लोकप्रिय ट्रान्समध्ये गोड गायन, ठरावीक जागी थांबणारा ठेका आणि टाळ्यांसाठी बेतलेला स्फोट एवढेच उरले. अंधारात दिसतही नसलेला डीजे आता भव्य पडद्यावर हात उंचावून उभा असतो. श्रोत्याला तीन मिनिटेही वाट पाहू द्यायची नाही, हा या नव्या संगीताचा खरा दोष मला वाटतो.

जुन्या पार्ट्यांत अमली पदार्थ होते आणि शेजाऱ्यांची झोपमोड होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरील निर्बंध योग्यच आहेत. अस्सल ट्रान्स दुपारीही ऐकता येते.

मुद्दा जतनाचा आहे. डीजेंनी आपसांत वाटून घेतलेल्या कित्येक रचना कधी प्रकाशित झाल्याच नाहीत. त्या केवळ टेपवर आहेत. सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, आणि चुंबकीय फितीला दमट हवा मानवत नाही. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने खासगी संग्राहकांकडून या टेप मिळवून त्यांचे डिजिटल रूपांतर हाती घ्यावे, पर्यटन खात्याने त्यासाठी निधी द्यावा आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, म्हापसा